मदत हवी आहे: पुण्यात चांगला समुपदेशक (तातडीचं)

डेक्कनवाला: कोथरूड-कर्वेनगर भागात कोणी असेल तर सुचवा. बायकोवर लहानपणी नात्यातल्याच माणसाने अत्याचार केले होते, आत्ता कळलं. जवळ गेलं की दगड होते, नंतर म्हणते आठवत नाही. वर 'माझीच चूक'. फक्त नाव द्या, प्रवचन नको.

स्वाती_क: त्यांना स्वतःला जायचंय का? तो माणूस अजून घरी येतो का?

डेक्कनवाला: येतो की, दर गौरी-गणपतीला. त्याचा काय संबंध?

स्वाती_क: अहो, तोच तर संबंध! तो पंगतीला बसणार असेल तर शरीर सावधच राहणार. त्यांना विचारा, हो म्हणाल्या तर 'यंदा येऊ नका' हा निरोप तुम्ही द्या. दगड होणं म्हणजे रुसवा नव्हे. पळता येत नाही तेव्हा शरीर गोठतं, मन बाजूला होतं, म्हणून आठवत नाही. अशा वेळी हात काढून घ्या, दिवा लावा, आज कोणता वार, आपण कुठे आहोत ते हळू सांगा. पाय जमिनीला टेकवून दिसणाऱ्या ५ वस्तू मोजू देत. मिठी नको. आणि काय काय झालं ते खोदून विचारू नका.

मध्यममार्गी: सरळ ईएमडीआर करा, डोळ्यांच्या हालचाली करवत जुन्या आठवणींवर काम करणारी थेरपी. बाकी सगळा वेळकाढूपणा.

निशिगंध: झोप नाही, तो माणूस घरात, आणि थेट आठवणींना हात? मधेच सोडून देतात लोक. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्यूडिथ हर्मननी १९९२ मध्येच आघातातून सावरताना सुरक्षितता हा पहिला टप्पा सांगितलाय.

मध्यममार्गी: त्या पहिल्या टप्प्यातच वर्षं घालवतात काही जण.

कायदा_बियदा: पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू, त्याआधीचं भादंविखाली.

स्वाती_क: तक्रारीचं कोणी विचारलंय? त्या सज्ञान आहेत, ते त्या ठरवतील.

कायदा_बियदा: ठरवू देत. पण तो आज कुणाच्या पोरांजवळ वावरतोय? मुलावर अत्याचार होईल अशी नुसती भीती असली तरी पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावं लागतं.

शांतचित्त: इगतपुरीला १० दिवस विपश्यना.

निशिगंध: नको! १० दिवस मौन, डोळे मिटून शरीराकडे लक्ष. नेमकं तिथेच सगळं उसळून येऊ शकतं. डेक्कनवाले, धाग्यावर नावं मागण्यापेक्षा पहिल्या फोनवर विचारा: आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का, बालपणीच्या लैंगिक अत्याचारांवर काम केलंय का, सत्रात मधेच गोठल्या तर काय करता? 'माफ करून टाका' म्हणाले तर फोन ठेवा. तोवर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात, रात्रीही.

पेठकर: कर्वे रोडला गाडी नेऊ नका. मेट्रोने जा.

डेक्कनवाला: विचारलं तिला. जायचंय, पण बाईच हवी आणि मी बाहेर थांबायचं. चालतं का असं?

स्वाती_क: चालतं. आत काय बोलणं झालं ते मात्र विचारू नका.