प्रतिसाद: रंगेल नायक सुधारतो तेव्हा

वर कुणीतरी लिहिलंय की रीजन्सी काळातला (म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधला) बाईलवेडा उमराव नायिकेच्या एका नजरेने सुधारतो, हे काही पचत नाही. मलाही नाही पचत. पण जॉर्जेट हेयरची 'व्हेनिशिया' (१९५८) ही कादंबरी याला अपवाद आहे.

त्यातला रंगेल उमराव डॅमरेल पहिल्याच भेटीत आगाऊपणा करतो. यॉर्कशरमधलं रान, नायिका व्हेनिशिया ब्लॅकबेरी तोडत असते आणि हा सरळ तिचं चुंबन घेतो! ती किंचाळत नाही की मूर्च्छित पडत नाही, उलट कवितेच्या ओळींवरून त्याच्याशी वाद घालते. इथेच जमतं त्यांचं. दोघं एकाच गोष्टीवर हसतात. पुढे तिचा लंगडा, पुस्तकी भाऊ घोड्यावरून पडतो, तेव्हा हाच माणूस त्याला घरी ठेवून घेतो, तेही गाजावाजा न करता.

गंमत म्हणजे खरं प्रेम जडल्यावर तो मागे सरतो, 'माझ्यामुळे हिची बदनामी होईल' म्हणून. मग मधल्या काळात लंडनला गेलेली तीच परत येते, तर हा दारू पिऊन बसलेला. आता सांगा, सुधारला कुठे?

आणि नायिकेची जोखीम खरी होती हो. इंग्लंडमध्ये १८५७ पूर्वी पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट संसदेत खास कायदा करूनच मिळायचा, आणि बायकोची मिळकत बव्हंशी नवऱ्याच्या ताब्यात जायची. असल्या माणसाला हो म्हणायला छाती लागत असणार.