कॅफेपेक्षा अभ्यासिका परवडते

'घरात पोरांचा दंगा, कॅफेत तासातासाला कॉफी मागवा, मग लॅपटॉप घेऊन ऑफिसचं काम करायला बसायचं कुठे?' असं वर विचारलंय. पुण्यात असाल तर सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिका बघा. असतात एमपीएससीवाल्यांसाठी, पण मला महिन्याचे पैसे भरल्यावर कुणी काही विचारलं नाही. खुराड्याएवढं टेबल, पंखा, प्लग, वायफाय. बास!

घोळ फक्त कॉलचा. पहिल्याच दिवशी 'हॅलो, आवाज येतोय का?' म्हणालो आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तेव्हापासून मीटिंगा जिन्यात, लॅपटॉप मांडीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देत. ओळीने मीटिंगा असतील त्या दिवशी मुकाट घरीच.

मुंबईत काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आहे, मागे छान बाग. चार्जिंगचं मात्र आधी विचारून घ्या.