बरण्यांतले अवयव नववीच्या मुलांना दाखवायचे की नाही?

जुळे सोलापूर: परवा इथं एका पालकांनी लिहिलं, की मेडिकल कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी-पॅथॉलॉजी संग्रहालयात शाळेची मुलं नेणं हा विकृतपणा आहे, मुलगी घाबरून जेवेना. मुलं नेणारा शिक्षक मीच, म्हणून सविस्तर उत्तर देतो. पुस्तकातलं लिव्हर गुळगुळीत, तपकिरी. तिथं निरोगी लिव्हरच्या शेजारी सिऱ्हॉसिसचं, म्हणजे बऱ्याचदा दारूनं होणाऱ्या आजारात खराब झालेलं ठेवलंय, आकसलेलं, कारल्यासारखं खडबडीत. दारूवर मी वर्षभर बोललो असतो तरी वर्ग एवढा शांत झाला नसता. झडप आकुंचित झालेलं हृदय पाहून एकानं विचारलं, हे कशानं झालं? लहानपणी घशाला झालेल्या संसर्गावर नीट उपचार झाले नाहीत, तर त्यातून संधिवाताचा ताप येतो आणि पुढं झडपा खराब होऊ शकतात, हे त्याला तिथं कळलं. दुसरीनं विचारलं, सगळं करडं का? अवयव ज्या द्रवात टिकवतात त्या फॉर्मॅलिननं रंग जातो, कैसरलिंगच्या जतन करण्याच्या पद्धतीनं बराचसा टिकतो. असे प्रश्न वर्गात येतात का? विकृतपणा म्हणण्याआधी एकदा स्वतः जाऊन बघा.

विजापूर रोड: ती पोस्ट माझी आहे आणि मी शब्द मागे घेणार नाही. सर, तुम्ही लिव्हर आणि हृदयावर लिहिलंत. मुलगी घाबरली ती बाळांच्या बरण्यांना. कवटी नसलेलं बाळ तिनं पाहिलं. संमतीच्या चिठ्ठीवर 'शैक्षणिक भेट' एवढंच होतं. आत काय आहे ते आम्हाला आधी सांगायला नको?

होटगी नाका: भेटीचं राहू द्या, आधी पाट्यांचं बोला. मी गेलो तेव्हा प्रत्येक बरणीवर इंग्रजी आणि लॅटिन. माझे वडील मिलमध्ये होते, शेवटपर्यंत खोकत गेले. त्यांच्यासारख्या माणसाचं फुप्फुस समोर आहे आणि काय झालंय ते मला वाचता येत नाही. मराठी, तेलुगू, कन्नड पाट्या लावा, मग शाळा न्या.

अशोक चौक: माझ्या मते तिथली सगळ्यात गरजेची बरणी म्हणजे कॅन्सर झालेला जबडा. माझा भाऊ मावा खायचा. आधी तोंड उघडेना, दोन बोटंही जाईनात. डॉक्टर म्हणाले, हे सुपारीनं. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनंही कॅन्सर होतो, हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली, पण मावा कोपऱ्याकोपऱ्यावर घोटून मिळतो. ती बरणी पानटपरीवर ठेवा. आणि या शहरातले विडी कारखानेही बंद करा, मुळावरच घाव घाला.

पूर्वभाग: अण्णा, थांबा जरा. मावा आणि विडी एका दमात बोलू नका. आमच्या आईनं विड्या वळून आम्हा भावंडांना शिकवलं. हजार विड्या भरल्या की मजुरी, त्यातूनही खराब म्हणून छाट काढायचे. गिरण्या बंद पडल्या तेव्हा पुरुष घरी बसले आणि चूल या बायकांनी चालवली. बंद करा म्हणायला तुमचं काय जातंय?

अशोक चौक: माझा भाऊ गेलाय.

पूर्वभाग: आणि आमच्या आईला दमा आहे. मांडीवर सूप घेऊन ती आयुष्यभर तंबाखूची धूळ हुंगत बसली. तंबाखू वाईट हे तुमच्याकडून शिकायची तिला गरज नाही. कारखाना बंद झाला तर दुसऱ्या दिवशी तिच्यासारख्या बायकांना काम कोण देणार, एवढंच सांगा.

अशोक चौक: कामाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण म्हणून विडी चांगली ठरत नाही.

पूर्वभाग: चांगली कोण म्हणालं?

सात रस्ता: तुमचं भांडण झालं असेल तर बाळांच्या बरण्यांवर बोलते. माझं पहिलं बाळ तसंच होतं, अ‍ॅनेनसेफली. गर्भाची मज्जानलिका, जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, पहिल्या चार आठवड्यांत बंद होते, ती नीट बंद झाली नाही की असं होतं; तेव्हा कित्येक बायकांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. गर्भधारणेआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम, घेतलं तर धोका बराच कमी होतो. मला हे नंतर समजलं. नववीच्या मुलींना आज समजत असेल तर जरूर दाखवा. पण माझं बाळ कुठं नेलं हे मला कुणी सांगितलं नाही, माझी परवानगी विचारणं तर दूरच. आजही अशी बरणी पाहिली की मी तारीख शोधते. १९४९च्या अ‍ॅनाटॉमी कायद्यानं बेवारस मृतदेह कॉलेजांना मिळतात, पण माझं बाळ बेवारस नव्हतं. लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात चार्ल्स बर्न या उंच माणसाचा सांगाडा दोनशेहून अधिक वर्षं मांडलेला होता. त्याला समुद्रात दफन हवं होतं. २०२३ला संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा सांगाडा प्रदर्शनातून काढला. मग आपल्याकडं निदान कोणाचं, कसं आलं, संमती होती का, एवढी नोंद का नसावी?

जुळे सोलापूर: ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. मुलांना तिथं उभं करताना हा प्रश्न मी काढला नाही, यापुढं काढेन. पण भेट थांबवणार नाही. विजापूर रोड, पुढच्या वेळी चिठ्ठीत काय काय दिसेल ते लिहीन आणि बाळांच्या कपाटापाशी ज्याला थांबायचं नाही त्याला बाहेर बसवीन. त्याहून जास्त मागू नका.

विजापूर रोड: चिठ्ठीचं मान्य. नववीचं मान्य नाही. अकरावीला विज्ञान घेतलेल्यांना न्या.

जुळे सोलापूर: मावा सातवीपासून सुरू होतो, मॅडम.

होटगी नाका: आणि पाट्या?