मळीवर जिवाणू वाढतात, पण पीएचबी साठत नाही: मदत हवी आहे

नमस्कार. सोलापुरातील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी सी-हेवी मळीवर (साखर काढून झाल्यावर शेवटी उरणाऱ्या दाट, काळ्या पाकावर) बॅसिलस मेगाटेरियम हा जिवाणू वाढवून पीएचबी, म्हणजे पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट हे जैवप्लास्टिक, मिळवण्याचा प्रयत्न करीत आहे. १९२०च्या दशकात मॉरिस लेम्वान यांना हा पॉलिमर याच जिवाणूत आढळला होता आणि सुक्रोज तो थेट वापरतो, म्हणून त्याची निवड केली. आपल्यासारख्या उसाच्या जिल्ह्यात शुद्ध ग्लुकोज विकत आणून जैवप्लास्टिक करण्यात मला अर्थ वाटत नाही. ते मळीवरच जमले पाहिजे.

मळी पातळ करून, सल्फ्युरिक आम्लाने सामू ३ पर्यंत उतरवून तापवली, गाळ सेंट्रिफ्यूजने काढला आणि सामू पुन्हा ७ वर आणला. नत्र मुद्दाम कमी ठेवले आहे, कारण कर्ब मुबलक असताना नत्र तोकडे पडले की पेशींची वाढ थांबते आणि त्या पीएचबीचे कण साठवू लागतात. शुद्ध सुक्रोजवर तसे घडते. सुदान ब्लॅकने रंगवल्यावर पेशींतले काळे कण ठळक दिसतात. मळीवर मात्र वाढ भरपूर होते, कण तुरळक दिसतात आणि लवकरच बीजाणू, म्हणजे जिवाणूची सुप्त, टिकाऊ रूपे, तयार होऊ लागतात. बीजाणू बनताना साठवलेले पीएचबीच खर्च होते, त्यामुळे उशिरा काढलेल्या नमुन्यातून जवळजवळ काहीच हाती लागत नाही.

माझा संशय पालाशावर (पोटॅशियमवर) आहे. पालाश कमी पडल्यास बॅसिलसमध्ये बीजाणुनिर्मिती मंदावते आणि पीएचबी अधिक साठते, असे वाचनात आले आहे. मळीत तर पालाश भरपूर असते, आणि आम्लप्रक्रियेत कॅल्शियम जिप्सम होऊन खाली बसले तरी पालाश द्रावणातच राहते. हे पालाश स्वस्तात कमी करण्याचा मार्ग कोणी वापरला आहे का? आयन-एक्स्चेंज रेझिन (द्रावणातले क्षार धरून ठेवणारे दाणे) प्रयोगशाळेत चालेल, पण मग कच्चा माल स्वस्त असण्याचा फायदाच उरत नाही. बीजाणू न धरणारा कुप्रियाव्हिडस नेकेटर हा दुसरा जिवाणू घ्यावा, तर तो सुक्रोज वापरत नाही, आणि सुक्रोज आम्लाने फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज केले तरी त्याचा मूळ एच१६ वाण फ्रुक्टोजच घेतो, ग्लुकोज नाही; म्हणजे निम्मी साखर पडून राहणार.

मळीतले स्वतःचे नत्र हिशेबात धरण्यासाठी केल्डाल पद्धत (एकूण नत्र मोजण्याची रासायनिक पद्धत) पुरेशी आहे का, आणि मळीच्या गडद रंगामुळे पेशींची वाढ दाखवणाऱ्या गढूळपणाच्या मोजणीवर विसंबता येत नसताना पेशी काढण्याची नेमकी वेळ आपण कशावरून ठरवता, हेही कृपया सांगावे.