मदत हवी आहे: कॅशमिअरच्या स्वेटरला गोळे येतायत

नमस्कार मंडळी, एडिनबरात हा माझा दुसरा हिवाळा. आईने विणलेला लोकरीचा स्वेटर गळ्याशी इतका टोचतो की आत फुल बाह्यांचा टीशर्ट घातल्याशिवाय घालवतच नाही, म्हणून सेलमध्ये मनाचा हिय्या करून कॅशमिअरचा (बकरीच्या मऊ लोकरीचा) घेतला. मऊ म्हणजे अगदी साय! पण पंधरा दिवसांत काखेत आणि सॅकचा पट्टा घासतो तिथे बारीक गोळे आले, मी हाताने ओढून काढले तर अजूनच आले. दुकानातली बाई म्हणते तंतू 19 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात, आखूड तंतू बाहेर येतात, दोन-तीन धुण्यांनंतर कमी होईल. खरंय का, की ढिल्या विणीचा माल गळ्यात मारलाय?

रोज बसने ऑफिस, बाहेर वारा नि आत हीटिंग, तर मेरिनोचे (मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीचे) दोन पातळ स्वेटर घेतलेले बरे पडतील का? आणि हाताने धुवायला बेबी शाम्पू चालतो का? (नवऱ्याने त्याचा स्वेटर मशीनला 40 अंशांवर लावला, तो आता भाच्याला होईल.)

शिवाय कपाटात कसर लागलीये, डांबरगोळ्यांचा वास मला सहन होत नाही, पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवतात म्हणे, कोणी केलंय का? किती दिवस ठेवायचं?