मालवणची सहल संपली, उद्या रत्नागिरीहून दुसरी. आजच निघू का?

आज दुपारी आमचा ग्रुप सुटतोय. सिंधुदुर्गाच्या होडीत माझा हात घट्ट धरून बसलेल्या काकूंचा निरोप घेताना गळा दाटून आला. उद्या सकाळी 9 वाजता रत्नागिरी स्टेशनवर गणपतीपुळ्याचा ग्रुप भेटणार. वय 63, एकटीच आहे.

उत्तर: ताई, आजच निघा. मालवणात रेल्वे नाही, कुडाळ गाठावं लागतं, सुमारे 30 किलोमीटर. रात्री रत्नागिरीतच मुक्काम करा.

उत्तर: खाऱ्या पाण्यात भिजलेले कपडे आधी गोड्या पाण्यातून काढा. तसेच बांधलेत तर चिकट राहतात.

कुडाळला पोचले. काकूंनी जाताना मालवणी खाजाची पुडी हातात कोंबली; पिशवीला गूळ-आल्याचा वास सुटलाय. नव्या ग्रुपमध्ये पहिली पुडी हीच फोडेन.