पाच मिनिटं गप्प बसून काय होतं?

प्रश्न: मुलगी आठवीत, जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या शाळेत. दुपारी पाच मिनिटं सगळा वर्ग डोळे मिटून दिवस आठवतो. ही म्हणते, "आई, मी सुट्टीतला खेळच आठवते." मग उपयोग काय?

उत्तर: ही जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांची 'एक्झामेन', म्हणजे रोजचं आत्मपरीक्षण. आधी आभार, मग दिवस उलगडायचा, चुकलं कुठे ते बघायचं, शेवटी उद्याचा विचार. मी अशाच शाळेत शिकवतो. सुरुवातीला मुलं खेळच आठवतात. (आणि मला आठवतात न तपासलेल्या वह्या!)

दुसरं उत्तर: त्यापेक्षा दोन गणितं सोडवा की.

शिक्षक: एकाला त्या पाच मिनिटांतच उमगलं, गणित अवघड नव्हतं, तोच अर्ध्यावर सोडत होता. मी वर्षभर घसा फोडून तेच सांगत होतो.

प्रश्नकर्ती: काल म्हणाली, खेळात एकीला मुद्दाम घेतलं नव्हतं. आज घेणार आहे म्हणे.